दीर्घ मी

दिंद्रुड,
रविवार, ९ जून २०१९

प्रिय संघमित्रा,

तुझं नाव लिहिताना माझा हात अजून एका अक्षरापाशी थांबतो. का, ते पुढे येईल. फोनवर तू "आई, तब्येत बरी हाय ना? मग ठेवते" म्हणतेस आणि मीही ठेवू देते, म्हणून हे पत्र. बुधवारी मला बीडला जायचं आहे. बांधकामाच्या कागदावर सही करायचा परवाना कुणाला द्यायचा, त्याचे नियम बदलण्यासाठी सरकारने एक समिती नेमली आहे. तिच्यापुढे बोलायला मला दहा मिनिटं दिली आहेत. त्याआधी हे तुझ्या हातात पडावं म्हणून चंद्रभागाबाईच्या जावयाजवळ देते आहे. तो उद्या पुण्याला निघतो.

इकडे पाऊस नाही. टँकर तिसऱ्या दिवशी येतो. रांगेत पिंपांची अदलाबदल होऊन भांडणं व्हायला लागली, म्हणून आळीतल्या बायकांनी पिंपांवर नावं घालून घेतली. सगळी माझ्या हातची, ऑइल पेंटची. चंद्रभागाबाई म्हणाली, "दगडाबाई, माझं नाव लई लांब हाय, पिंपाला येढा घालून परत यील." खूप दिवसांनी हसले आणि लगेच तू आठवलीस. पहिलीत तू वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात नाव लिहायचीस. तू शाळेत गेलीस की मी त्या अक्षरांवरून बोट फिरवायचे, मग कोळशाने फरशीवर तसंच काढायचे. अ आ इ ई मी नंतर शिकले. पहिलं लिहिलं ते तुझं नाव. तुझे दादा कामावरून आले की ती काळी फरशी बघून "बायको पहिलीत बसली" म्हणून हसायचे, पण कधी पुसली नाही.

दादा गेल्यावर विहाराच्या कपाटातली पुस्तकं मी एकेक करून संपवली आणि मग परवान्याच्या नियमांची पुस्तिका मागवली. गोष्टीच्या पुस्तकात माणसं भेटतात. या पुस्तिकेत अर्जदार, प्राधिकारी, परवानाधारक. तुझे दादा यातले कोण, हे शोधायला मला दोन महिने लागले. ते कुठेच नव्हते. अठ्ठावीस वर्षं मिस्तरीकाम केलं, बोटाच्या पेराने स्लॅब वाजवून आत पोकळ आहे की भरीव ते सांगायचे, आणि पुस्तिकेत त्यांना एक ओळ नाही. ज्याला कळतं त्याला सही नाही, आणि ज्याची सही चालते तो जागेवर असायलाच पाहिजे असंही कुठे लिहिलेलं नाही. माझं मागणं एवढंच आहे. काम पक्कं झाल्याच्या दाखल्यावर सही करणाऱ्याने त्या दिवशी त्या जागेवर, चार माणसांसमोर सही करावी. आणि वीस वर्षं काम केलेल्या मिस्तरीची परीक्षा घेऊन त्याला लहान कामांपुरता परवाना द्यावा. धर्मापुरी, उमापूरपर्यंत जाऊन मी मिस्तऱ्यांच्या सह्या आणल्या. तात्याबा मिस्तरी अंगठा देताना म्हणाले, "बाई, परीक्षेत हातोडा चालंल ना? पेन नगं."

आता त्या टाकीचं लिहिते. तू आणि मी त्यावर एकदाही बोललो नाही.

तीन वर्षांपूर्वीचा एप्रिल. मजूर सहकारी संस्थेने गावासाठी उंच टाकी बांधायला घेतली होती. टँकर तिच्यात रिकामा करायचा आणि खाली नळांना पाणी घ्यायचं. नकाशा परवान्याची इंजिनिअर म्हणून तूच काढलास. दादांच्या सांगण्यावरून तू सुट्टीत आलीस, नकाशाच्या प्रतींवर सह्या केल्यास, गाडी सुटेल म्हणून आणखी दोन-चार कागदांवरही घाईत केल्यास आणि पुढे लागेल म्हणून तुझा शिक्का घरात ठेवून गेलीस. टाकी उभी राहिली. पण काँक्रीटला एकवीस दिवस पाणी मारावं लागतं आणि गावाला प्यायलाच पाणी नव्हतं. दादांनी पोती ओली करून गुंडाळली, ती दुपारपर्यंत वाळून जायची. पाच-सहा दिवसांचंच पाणी लागलं असेल. ते म्हणत होते, अजून महिनाभर टेकू काढायचे नाहीत, संघमित्रा येऊन बघेल, ती म्हणेल तेव्हा भरायची.

ते माजलगावला गेले होते त्या दुपारी संस्थेच्या चेअरमनने, बद्रीनाथने, टेकू काढून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर लागला. सगळं गाव रांगेत होतं, मी तिसरी होते. दादा धावत आले. "थांबा बे, कच्ची हाय ती!" बद्रीनाथने खिशातून दाखला काढला. "तुझ्याच पोरीनं पास केली हाय, मिस्तरी. आता इंजिनेराला तू शिकवतो का?" दादांनी कागद हातात घेतला. पुष्कळ वेळ बघितला. मग मान वर करून आमच्या रांगेकडे बघितलं. कागद घडी करून परत दिला आणि टाकीखाली कॉलम बघायला गेले. टाकी भरता भरता खाली आली तेव्हा ते तिच्याखालीच होते. पुढचं तुला माहीत आहे.

चौकशीवाल्यांनी तुला पत्र पाठवून विचारलं, तेव्हा तू दाखला मागवून बघितलासुद्धा नाहीस. घाईत सह्या केलेल्या कागदांत तोही गेला असेल असं तू धरून चाललीस आणि "सही माझीच आहे" असं लिहून दिलंस. तुझा परवाना गेला. आता तू टाइल्सच्या दुकानात गिऱ्हाइकांना नमुने दाखवतेस आणि गावाकडे येत नाहीस. वर्षश्राद्ध आपण करत नाही, पण त्या तारखेला मी विहारात मेणबत्ती लावते तेव्हा बायका विचारतात, "पोरगी कावून येत न्हाई?" मी सांगते, तिला सुट्टी नाही.

परवा बद्रीनाथ आला होता. ओट्यावर बसला, माझ्याच हातचा चहा प्याला. म्हणाला, "वैनी, समितीपुढं जा, परीक्षेचं सांगा, जागेवर सहीचं सांगा, आमचा पाठिंबा हाय. फकस्त टाकीच्या दाखल्यावर बोलू नका. त्यो कागद निजलाय, निजू द्या." मी रिकामी कपबशी उचलली. तीन वर्षं मी काही बोललेच नाही. समितीला मी दहा गावांची उदाहरणं लिहून दिली, त्यात आपलं गाव नाही. त्यांच्या कारकुनाने फोन करून विचारलं, "आजी, तुमच्या घरचं काही घडलंय का? नाहीतर एवढं कोण हिंडतं?" मी नाही म्हणाले. बोलले तर माझ्या मागण्यांवर लोक थुंकतील असं वाटायचं, नाही बोलले तर तू त्या दुकानातच म्हातारी होशील. घराला दोन दारं आहेत आणि दोन्ही बाहेरून लावलेली, असे दिवस काढले.

गेल्या महिन्यात माहितीच्या अधिकारात मी त्या दाखल्याची नक्कल काढली. सोबत जोडली आहे. या वेळी तरी बघ. तुझ्या नावातला मि बघ, दीर्घ आहे. पहिलीत तू तसाच लिहायचीस, संघमीत्रा. तिसरीत शाळेतल्या गीताबाईंनी तुझी चूक सुधारली. माझी कोण सुधारणार? टेकू काढले त्या दुपारी बद्रीनाथ हा कागद घेऊन माझ्याकडे आला होता. "वैनी, गाव तहानलंय. पोरीनं नकाशावर केलीच हाय की, हीबी तीच सही." सकाळपासून रांगेत उभी राहून मी अर्धी घागर आणली होती. ट्रंकेतून तुझा शिक्का मीच काढून दिला, आणि सही केली ती मी. आपल्याला लिहिता येतं याचा मला त्या घटकेला अभिमानही वाटला, तेही लिहून ठेवते. दादांना ते अक्षर फरशीवरून पाठ होतं. ही पोरीची सही नव्हे, असं ते चार माणसांत म्हणाले असते तर वाचले असते आणि मी धरली गेले असते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि माझी सही खरी ठरते का ते बघायला ते खाली गेले. बाळ, तू काही केलेलं नाहीस. बुधवारी मी दोन्ही मागण्या मांडीन आणि मग हा कागद टेबलावर ठेवीन. पुढे जे व्हायचं ते होईल, मी कपड्यांची पिशवी भरून ठेवली आहे. तुझ्याकडे एकच मागते. अकरा वाजता बीडला ये. तिथे त्यांच्यासमोर कोऱ्या कागदावर एकदा तुझं नाव लिही, ऱ्हस्व मिने. नाही आलीस तरी मी बोलणार आहे. खाली आज माझीच सही आहे, कुणाच्या वहीवरून काढलेली नाही.

तुझीच आई,
दगडाबाई शहादेव उजगरे