आईच्या कुडत्याची शिवण

४ तारीख

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आईचा कुडता मिळाला, पण पोटाशी पुन्हा घट्टच होतो. काळजी नको. माझ्या योगवर्गात मी प्रत्येकाची प्रकृती ठरवूनच आसनं देते. आईकडूनही प्रश्नावली भरून घेतली. झोप फार, भूक कमी, अंग जड, पाय सुजलेले. शुद्ध कफ! म्हणून तिला कफाच्या गटात घातलंय. रोज सकाळी बारा सूर्यनमस्कार, तेही भरभर. दम लागतो म्हणून कुरकुरते, पण आळस असाच निघतो. तू लगेच भडकू नकोस. तुझं पित्त मला ठाऊक आहे. जीभ वळवून गार श्वास घेत जा.

माया आहे तशीच ठेव.
धाकटी

७ तारीख

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

फोन उचलत नाहीस, म्हणून हे बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतो आहे. वाचून झालं की वर्ग सोड आणि आईला डॉक्टरकडे ने. आजच.

आई कफाची? तीस वर्षं तिचे कपडे मी शिवतो आहे. काटकुळी, कोरड्या अंगाची, पायाला भिंगरी, उठताना गुडघे कटकटणारी बाई. तुझ्याच पुस्तकात याला वात म्हणतात. दुखणं अंगात शिरलं, आणि तू ते जन्माची प्रकृती म्हणून लिहून घेतलंस! तिला धाप लागते आणि तू नमस्कार मोजतेस? गार श्वास तूच घे.

आशीर्वाद आहेत, पण आज ते लिहिणं जड जातंय.
दादा

१२ तारीख

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

त्याच दिवशी नेलं. हृदय थकलंय, म्हणून अंगात पाणी साठत होतं. आणखी आठवडाभर हे नमस्कार चालले असते तर जिवावर बेतलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. आता धोका टळलाय, सूज उतरतेय. मी चुकले, दादा. तुझे शब्द लागले, आणि लागायलाच हवे होते.

पण आता माझंही ऐक. आईच्या कपाटात कुडत्यांना टाचलेल्या तुझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या सापडल्या. पोटाचा घेर तीस, मग बत्तीस, मग चौतीस. चार महिन्यांत! ती घट्ट होतो म्हणून परत पाठवत गेली, तू शिवण उसवून आतलं कापड सोडत गेलास. एका शब्दानं विचारलं नाहीस. माझ्या अंगावर ओरडताना हे आठवलं नाही?

राग मावळला की लोभ कळवीन.
धाकटी

१५ तारीख

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

आठवलं होतं. म्हणूनच आवाज एवढा चढला. गिऱ्हाइकाचं अंग वाढलं की मी शिवण सोडतो. आईचंही गिऱ्हाइकासारखंच केलं. तुझं पत्र आलं त्या दिवशी मशीनला हात लावला नाही.

तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही. तुझाही इतक्यात जाऊ देऊ नकोस. आपल्या दोघांनाही तो थोडे दिवस हवा आहे.

सोबत कुडता पाठवतो आहे. घेर तीसच ठेवलाय. आईला सांग, घट्ट झाला तर परत पाठवू नकोस. या वेळी मीच येईन.

तिच्या पायांवर डोकं ठेव, माझ्याही वतीनं.
दादा