काजळाने खोडलेले अंक

कळसाडी, मंगळवार

तीर्थस्वरूप रतिलालमामांच्या चरणी जसोदाचा नमस्कार. इकडे सर्व बरे आहेत. मामींचा गुडघा आणि तुमची केळी, दोन्ही धरून असतील अशी आशा करते.

आधी चुकीची दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिले होते की रुक्मिणीकाकूला भाषण वाचता येत नाही, तेव्हा माझी परीक्षा बुडालीच. ते खरे नव्हे. काकूला उत्तम वाचता येते. संकट तेच होते.

बापूंनी मला घरीच शिकवले, हे तुम्ही जाणताच. त्यांची अट होती की मी चालवते त्या साक्षरतेच्या वर्गातल्या बायकांचा वाचनाचा समारंभ हसे न होता पार पडला, तर मला बाहेरून फायनलच्या परीक्षेला बसू देतील. भाषण काकूकडे होते. त्याचा कागद शहाद्याच्या कचेरीतून आला आणि तिथे कोणीतरी तपासायला सोपे म्हणून प्रत्येक वाक्याआधी अंक टाकलेला. काकू तोही वाचायची. एक, भगिनींनो. दोन, अज्ञान हा अंधार आहे. तेवढे सोड म्हटले, तर म्हणाली, "ताटमा वाढेल टाकानं नही, कागदवर लिखेल सोडानं नही." नवा कागद लिहून देते म्हटले, तर जुन्याला वर्गाच्या पूजेत हळदकुंकू लागलेले. पुजलेला कागद बदलायचा कसा? (पूजा मीच सांगितली होती, तेव्हा बोलायला तोंड नव्हते.)

मग मीच अंक खोडायला बसले. पण बोट अंकावर ठेवले की नजर वाक्यात शिरे आणि मी वाक्येच सुधारत बसे. शेवटी कागद शांतावहिनीला दिला. तिला अक्षर एक येत नाही (वर्गाच्या वेळी तिला नेमके सरपण आणायचे असते), पण एस.टी.च्या पाट्या आणि कापसाची वजने पाहून अंक मात्र सगळे ओळखते. तिला एवढेच सांगितले की अंक दिसला की काजळ फासायचे, विचार करायचा नाही. भाकरी तव्यावर असतानाच तिचे काम उरकले. एकही अंक सुटला नाही. तिने विचारही केला नाही.

समारंभाला कचेरीतले साहेब आले, अख्खे गाव आले. काकू प्रत्येक काळ्या डागापाशी थांबे, चिखल चुकवून पाऊल टाकावे तशी. लोकांना वाटले, काय वजनदार बोलते. "आज दिनांक रोजी" असे वाचले, तेही सरकारी भाषेत खपून गेले. मग वाक्य आले, "आमच्या गावातील स्त्रिया साक्षर झाल्या." कागदावर त्या सतरा होत्या, मामा. त्या सतरांवर वहिनीचे काजळ होते.

साहेब उठले आणि त्यांनी सगळ्या गावाचे अभिनंदन केले. सर्वांत जोरात टाळ्या शांतावहिनी वाजवत होती.

कोणी हसले नाही. घरी आल्यावर बापू म्हणाले, "अर्ज भर." मी दोनदा जेवले आणि गाढ झोपले. इतके हलके मला कधी वाटले नव्हते. एवढेच कळवायचे होते.

तुमची
जसोदा

ता. क. एवढेच नव्हते. सकाळपासून घास उतरत नाही. खोट्यावर मिळालेली परवानगी मी कशी वापरू? साहेबांना खरे सांगितल्याशिवाय अर्जावर सही करणार नाही. पण एकटीला कचेरीची पायरी चढवणार नाही. तुम्ही शहाद्याच्या स्टँडवर याल का? बापूंना सध्या केळीचे कारण सांगा.

पुन्हा ता. क. वहिनीला आता अंक खोडायची गोडी लागली आहे. काल पंचांग गेले. "तूच सांगेल शे ना, इचार करानं नही," म्हणते. पत्र टपालात पडण्याआधी तिच्या हातून जाणार, म्हणून स्टँडवर यायचा दिवस अक्षरांत लिहिते: होळीनंतरचा सोमवार, सहा मार्च.