निरोगी दातांबद्दलचे अभिनंदन परत करण्याबाबत

प्रति,
मा. उपसंचालक (दंतशिक्षण),
मुंबई.

विषय : कु. जहिरा इब्राहिम तांबोळी हिचे सत्र मंजूर करणे व आपले अभिनंदन परत करणे याबाबत.
संदर्भ : आपले अभिनंदनपत्र क्र. दंशि/४१७, दि. ७ ऑगस्ट १९७२.

महोदय,

१. अर्जदार अकरा वर्षे दंतवैद्यकाचा अध्यापक असून, अध्यापकांचे अध्यापन सुधारण्याच्या कामी गेली दोन वर्षे संगमनेरच्या ग्रामीण केंद्रात नेमलेला आहे. महाविद्यालयातून पाळीने येणाऱ्या अध्यापकाने प्रथम स्वतः रुग्णाच्या खुर्चीत बसावे, विद्यार्थ्याने त्याला तपासून दिसेल ते मोठ्याने वाचत पत्रकात लिहावे आणि मग विद्यार्थ्याचा हात कसा लागला हे अध्यापकाने सांगावे, अशी येथील पद्धत आहे. ती अर्जदाराने घातली असल्याने पुढील प्रकाराचा आरंभ त्याच्यापासूनच होतो.

२. दि. ५ जून रोजी विभागप्रमुख डॉ. आबासाहेब धर्मे खुर्चीत बसले. तपासण्याची पाळी अंतिम वर्षाच्या जहिराची होती. तिने आरसा फिरवला आणि सर्वांसमक्ष वाचत लिहिले : "खालची डावी दाढ किडलेली. हिरडीतून पू. दातांची निगा नाही." सरांनी तोंड पुसले व ते तडक मोटारीत जाऊन बसले. आपला हात कसा लागला, हे तिला आजतागायत कळलेले नाही.

३. दि. १९ जून रोजी 'वर्तन असमाधानकारक' या कारणावरून तिचे सत्र रोखण्यात आले. पत्रकात 'निरोगी' अशी दुरुस्ती केल्यास विचार होईल, असे अर्जदारास तोंडी कळविण्यात आले. त्याने तो निरोप तिला दिला, याची त्याला लाज वाटते. "सर, दिसेल ते लिही असं तुम्हीच सांगितलंत. आता दिसलंच नाही म्हणून लिहू?" असे तिने विचारले. कर्जतला पानाची गादी चालवणारे तिचे वडील इब्राहिमभाई एस.टी.ने येऊन म्हणाले, "पोरीचं चुकलं आसंल तर मी सायबाच्या पाया पडतो. पन चुकलं काय, तेवढं सांगा." अर्जदाराने दोघांचेही प्रश्न आपणाकडे अर्जाने पाठवले.

४. उरलेल्या अकरा विद्यार्थ्यांनी घ्यायचा तो धडा घेतला. तेव्हापासून ते प्रत्येक पत्रकावर 'निरोगी' लिहितात. जुलैमध्ये तपासलेल्या ३१४ रुग्णांत एकही किडका दात आढळला नाही तो यामुळे, आणि आपले अभिनंदन आले तेही त्याबद्दलच. अर्जदाराने पत्रके परत केली की विद्यार्थी मान खाली घालून तीच पुन्हा आणून ठेवतात. निरोगी पत्रकावर उपचार करण्यास नियमाची मनाई असल्याने रुग्ण गाल धरून आले तसे परत जातात.

५. पुणतांब्याच्या रंगुबाई, वय सुमारे सत्तर, कवळीसाठी आल्या होत्या. तोंडात एकही दात नाही. त्यांच्या पत्रकावर 'सर्व ३२ दात निरोगी' अशी नोंद झाली व कवळी नामंजूर झाली. त्या तपासणाऱ्या विद्यार्थ्याला म्हणाल्या, "आरं डाक्टरा, बत्तीस हायती म्हनतूस, मंग भाकर का चावंना? इचार की तुज्या कागदाला."

६. जहिराचे सत्र ३१ ऑगस्टपूर्वी मंजूर न झाल्यास तिला ऑक्टोबरच्या परीक्षेस बसता येणार नाही. तिने शिकवल्याप्रमाणे केले. शिक्षा द्यावयाची तर शिकवणाऱ्यास द्यावी. यासंबंधी अर्जदाराने यापूर्वी तीन अर्ज केले. त्यांची उत्तरे आली नाहीत, अभिनंदन तेवढे आले. उत्तर येईपर्यंत बाकीच्यांना काय शिकवावे हे त्याला सुचत नाही. रोज सकाळी तो आरसे उकळून मांडून ठेवतो. जहिराही रोज येते, आणि तिला तपासणीची परवानगी नसल्यामुळे भिंतीशी उभी राहते.

आपला नम्र व निरुत्तर,
(डॉ. कानिफनाथ सहादेव वाकचौरे)
संगमनेर, जि. अहमदनगर
दि. १८ ऑगस्ट १९७२

सोबत :
१. दि. ५ जूनचे पत्रक, दुरुस्ती न केलेले.
२. रंगुबाईंचे पत्रक.
३. आपले अभिनंदनपत्र, मूळ प्रत, साभार परत.