पक्ष्यांच्या दोन पट्ट्या आणि मधले घर यांची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय सव्वीस, पदवीधर, वाचनालयात नोकरीला, आईवडिलांची धाकटी मुलगी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता, चहा पिऊन, खिडकीजवळच्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझे मन ठिकाणावर आहे. हृदयाबद्दल तसेच म्हणता आले असते तर लिहायला बसले नसते. पुढच्या आठवड्यात त्याची एक झडप बदलणार आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अशी ऑपरेशनं आम्ही रोज करतो." मी म्हटले, "मी पहिल्यांदाच करून घेतेय." त्या हसल्या, पण संमतीच्या कागदावर सही घेतलीच. त्यांचा एक कागद झाला, तर माझाही एक असावा.

"पदवीधर" हा शब्द मिरवायला घातलेला नाही. आमच्या घरात कायद्याच्या भाषेतले जे काही आले ते दुसऱ्याने लिहिलेले होते. आम्ही फक्त सही कुठे करायची ते विचारत आलो. हा मसुदा मी स्वतः केला आहे. शेजारच्या वकीलकाकांनी तो वाचून दोन चुका काढल्या आणि एक नियम सांगितला: ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, केली तर त्याचा वाटा जातो.

कलम १. घर. माझ्या नावावर घर नाही. मधल्या खोलीतली खिडकीकडची अर्धी भिंत मात्र माझी समजली जाते. उरलेली अर्धी ताईची. ती घरातून निघून गेल्यापासून तिथे कोणी साधा खिळाही ठोकलेला नाही. माझी अर्धी भिंत आईने घ्यावी आणि शिलाई मशीन एकदाचे उजेडात आणावे. ताईच्या अर्ध्या भिंतीला हात लावू नये.

कलम २. बँकेतली शिल्लक बाबांना. त्यातून त्यांनी आधी चष्मा करून घ्यावा. पेपर हातभर लांब धरून "दिसतंय की मला" म्हणणे त्या दिवसापासून बंद.

कलम ३. कापडाची मोठी कात्री आमच्या ग्रंथपालबाईंना द्यायची होती. त्यांचा तिच्यावर फार दिवसांपासून डोळा आहे. पण त्या साक्षीदार आहेत. त्यांना विचारले तर म्हणाल्या, "कात्री राहू दे, सही करते. तू परत आलीस की उसनी मागेन." तेव्हा कात्री आईला. या कात्रीने बाबांनी एकदा बुटात घालायला पुठ्ठा कापला होता. मी त्यांना क्षमा केली आहे. कात्रीने केलेली नाही, अजून टोकाला अडते.

कलम ४. सुयांची डबी, छोटी इस्त्री आणि नक्ष्यांच्या कागदांचा गठ्ठा माझ्या भाचीला, म्हणजे ताईच्या मुलीला. मी तिला पाहिलेले नाही. ती चालायला लागली हे मला ताईच्या जुन्या मैत्रिणीकडून कळले, आणि हल्ली दिसेल ते कापत सुटते हेही. तेव्हा नुसत्या वस्तू देऊन भागणार नाही. शनिवारी दुपारी वाचनालयात नवशिक्यांना कापडाच्या तुकड्यांचे जे जोडकाम शिकवते, ते तिच्यासाठी इथे लिहून ठेवते. वाचता येईपर्यंत कोणीतरी वाचून दाखवावे.

छोटे, हे जोडकाम कागदाच्या आधाराने चालते. नक्षी कागदावर काढायची, तिच्या प्रत्येक तुकड्याला क्रमांक द्यायचा. कापड कागदाच्या कोऱ्या बाजूला ठेवायचे आणि शिवायचे मात्र दुसऱ्या बाजूच्या रेघेवरून. हात डगमगला तरी रेघ धरून ठेवते, म्हणून नवशिक्याचेही टोक टोकदार येते. क्रमांक सोडून पुढे उडी मारू नये. तुकडे कापताना कंजुषी नको: तिरका तुकडा उलटल्यावर कुठे जाऊन पडेल ते भल्याभल्यांना कळत नाही, तेव्हा चहूबाजूंनी पाव इंच माया, म्हणजे शिवणीबाहेरचे कापड, सुटून वर थोडे उरेल असाच कापावा. शिवण्याआधी कागद उजेडासमोर धरावा, म्हणजे कापड रेघेपलीकडे पोचले की नाही ते दिसते. टाका अगदी बारीक ठेव. बारीक टाक्याने कागदाला जवळजवळ भोके पडतात आणि शेवटी तो हलक्या हाताने निघतो; मोठा टाका घातलास आणि कागद ओढलास तर टाकेच उसवून हातात येतील. कागद शिवून सुई बोथट होते, ती वेगळी ठेवावी. दर शिवणीनंतर तुकडा उलटून कोरडी इस्त्री फिरवायची. कंटाळा येतो. मलाही येतो.

आणखी दोन गोष्टी, ज्या माझ्या वर्गातल्या बायका हमखास विसरतात. शेजारचा तुकडा जोडला गेल्याशिवाय कागद काढू नये. एकट्या तुकड्याची कड ताणली जाते, मग तो कशातच नीट बसत नाही. आणि कागदावर काढतो त्याच्या उलट कापडावर येते, आरशात दिसावे तसे. कागदावर उजवीकडे बघणारा पक्षी कापडावर डावीकडे बघतो. पहिल्यांदा सगळ्यांची ही चूक होते. तुझ्या आईचीही झाली.

कलम ५. आता मुख्य गोष्ट. ट्रंकेत एक न जोडलेली गोधडी आहे. मध्ये एक घर, आणि त्याच्या दोन बाजूंना लावायच्या पक्ष्यांच्या दोन उभ्या पट्ट्या. ताईने शिवलेली. ती तयार कपड्यांच्या कारखान्यात नमुने शिवायची आणि उरलेले कापड घरी आणायची. मला कॉलेजात घालायचे म्हणून ती शिकायची थांबली, हेही इथे नोंदवते. माझ्या पदवीवर तिचे नाव छापलेले नाही. कागदावरचे जोडकाम तिने नुसते ऐकून करून पाहिले होते. त्या सुमारास तिने घरी सांगितले की ती दुसऱ्या शहरातल्या कारखान्यात जाणार आणि तिथल्या कटिंगमास्तरशी लग्न करणार. आईला राग लग्नाचा नव्हता. सगळ्यांत शेवटी कळल्याचा होता.

जाण्याआधी ताईने ही गोधडी आईसाठी करायला घेतली. ती तिने पलंगावर मांडली तेव्हा मी शेवटच्या पेपरला बसले होते, म्हणून पुढचे बाबांकडून ऐकलेले लिहिते. आईने घर बघितले, पट्ट्या बघितल्या. मग म्हणाली, "पक्षी सगळे घर सोडून चाललेत."

ताईच्याही ते तेव्हाच लक्षात आले असणार. घराचे दार बरोबर मध्ये, दोन्हीकडे एकेक खिडकी. ते उलटे झाले तरी तसेच दिसते. पक्ष्यांनी तेवढे सगळे उघडे पाडले.

आई म्हणाली, "तोंडानं बोलवेना, म्हणून शिवून दाखवलंस होय?"

आणि आमची ताई, जिने उभ्या आयुष्यात कधी "चुकलं" म्हटले नाही, म्हणाली, "हो. मुद्दामच शिवलंय."

मी पेपर देऊन घरी आले तेव्हा तिची बॅग गेली होती आणि गोधडी ट्रंकेत होती.

त्यानंतर मी वाचनालयातल्या एका पुस्तकावरून हे काम शिकले. सुरुवातीला मला शिवणाचे प्रेम नव्हते. ताई काय करत होती ते हातांना कळावे एवढेच होते. अजूनही दुपारी पडले की कधी कधी ते मधले घर पांघरते. कडेचा कागद तसाच असल्यामुळे कूस बदलली की तो वाजतो, आणि डोळा लागता लागता वाटते, पलीकडे ताई उठून बसली.

गेल्या महिन्यात पट्ट्या पालथ्या करून बघितल्या. मागे तिने काढलेला कागद तसाच आहे. त्यावर तिच्या अक्षरात "डावी" आणि "उजवी" लिहिले आहे, शेजारी बाण, आणि बाणाखाली "घर". कागदावरचा एकूण एक पक्षी घराकडे येतो आहे.

मी पट्ट्या आईपुढे ठेवल्या. तिने त्या वाचल्या, बाणावर बोट ठेवले, बोट तिथेच राहिले. मग म्हणाली, "मग 'हो' कशाला म्हणाली?"

पेपरामागून बाबा म्हणाले, "तू ज्या सुरात विचारलंस, त्या सुरात मला विचारलं असतं तर मीपण हो म्हटलं असतं."

"तुम्ही कधी हो म्हटलंय कशाला?" आई म्हणाली आणि उठून गेली. विषय तिथेच राहिला. मी ताईला दोनदा फोन केला, आणि दोन्ही वेळा आम्ही माझ्या तब्येतीवर बोललो.

म्हणून अशी व्यवस्था करते. मधले घर आईला. दोन्ही पट्ट्या ताईला. एकीचे दुसरीवाचून काहीही होणार नाही. वकीलकाकांना मी मुद्दाम विचारून घेतले आहे की असे देता येते. जोडताना डावी पट्टी उजवीकडे लावावी आणि उजवी डावीकडे. मी त्या जमिनीवर मांडून बघितल्या आहेत. पक्षी तसेच उडत राहतात, पण घराकडे उडतात. एकही टाका उसवावा लागत नाही. दोघींनी आपापली कड धरून जोडावे आणि कागद त्यानंतरच काढावा. तो मी काढलेला नाही, आणि माझ्या माघारी साफसफाईच्या भरात कोणीही काढू नये. ताईने येऊन तो आईसमोर पालथा करावा, एवढेच मला हवे आहे. शक्य झाले तर त्या वेळी मी खोलीत असावे असेही वाटते, पण हे मृत्युपत्र असल्यामुळे त्याचा आग्रह धरता येत नाही.

पुरवणी. सह्या होण्याआधी घडलेले इथे जोडणे भाग आहे. आज सकाळी ग्रंथपालबाई वेळेवर आल्या. दुसरे साक्षीदार, खालच्या मजल्यावरचे घड्याळजी, आलेच नाहीत. त्यांचे घड्याळ बंद पडले होते असे मागाहून कळले. तोवर मी मसुदा मोठ्याने वाचून दाखवला. आई दारात उभी राहून ऐकत होती. वाचून झाल्यावर तिने हात पुसले आणि पेन मागितले.

मी म्हटले, "आई, तुला नाही करता येणार. तू सही केलीस तर तुझा वाटा जातो."

"जाऊ दे की."

"अगं, मधलं घर तुझ्या वाट्याला आहे. मग तेही ताईला द्यावं लागेल."

"तेच म्हणतेय मी," आई म्हणाली. "अर्धंच तिचं असलं तर पोस्टानं मागवेल. सगळं तिचं झालं तर न्यायला यावं लागेल. एवढी शिकलीस, हे नाही सुचलं तुला?"

ग्रंथपालबाईंनी पुढे होऊन पेनाचे टोपण काढून दिले.

सबब, आईची दुसरी साक्षीदार म्हणून सही होत असल्यामुळे कलम १ मधली माझी अर्धी भिंत आणि कलम ३ मधली कात्री बाबांकडे जाते (पुठ्ठ्याला लावू नये), आणि कलम ५ मधली गोधडी, घरासकट आणि पक्ष्यांसकट, संपूर्णपणे ताईची होते. तिने ती स्वतः येऊन न्यावी. या पानांची एक प्रत आजच तिला पाठवत आहे. इतर कलमांना थांबता येईल.

वरील सर्व मी वाचले, समजले, आणि तेच माझे म्हणणे आहे.

ठिकाण: मधली खोली, खिडकीजवळचे टेबल
तारीख: ऑपरेशनच्या आधीचा रविवार

(सही) धाकटी मुलगी

साक्षीदार पहिल्या: (सही) ग्रंथपाल

साक्षीदार दुसरी: (सही) आई

आईने सहीखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलेला मजकूर, कायद्याला लागू नसला तरी खोडलेला नाही:
कागद जपून ठेवलाय. हिला गुरुवारी आत नेणार आहेत, त्याच्या आधी ये. येताना छोटीला आण.