अण्णांच्या जीपचा काटा

१७ ऑक्टोबर २००४
डॉक्टरांनी अण्णांचं गाडी चालवणं बंद केलं. शुगर डोळ्यांत उतरली म्हणे. डॉक्टर सगळ्यांनाच असं सांगतात. वीस वर्षं मळ्यातली फुलं नाशिकच्या बाजारात नेणारी जीप आता विकायची. अण्णा सकाळपासून नुसते ओट्यावर बसून. मी जाहीर केलं: कॉम्प्युटरच्या रेसिंग गेममध्ये हुबेहूब आपली जीप बनवतो, घरबसल्या चालवा. अण्णांनी विचारलं, मीटरचा काटा हालंल का? म्हटलं, हलेल काय, पळेल! डिलिव्हरी दसऱ्याला.

२२ ऑक्टोबर, दसरा
डिलिव्हरी दिवाळीला. क्वालिटीत तडजोड नाही. मीटरचे फोटो राहिले होते, ते आज उरकले. मित्राचा, कुंदनचा, डिजिटल कॅमेरा एकदाचा मिळाला.

२६ ऑक्टोबर
काटा बसवला. गाडी सुरू केली. काटा मीटरमधून निघाला, खिडकीतून बाहेर गेला, गाडीला प्रदक्षिणा घालून परत आला. फिरण्याचा मध्य चुकलाय. पण फिरतोय, हे महत्त्वाचं. नव्वद टक्के काम झालं.

३१ ऑक्टोबर
काटा जागेवर. मात्र स्पीडऐवजी डिझेलचा हलतोय. ॲक्सिलरेटर दाबला की टाकी भरते. आई म्हणाली, मग अशी गाडी विकता कशाला? आज रविवार. मेंदूला विश्रांती.

५ नोव्हेंबर
जीप गेली. सटाण्याचे भिकनशेठ 'गाडी चांगली शे' म्हणत घेऊन गेले. अण्णांनी बॉनेटवरून हात फिरवला, आत गेले, जेवले नाहीत. फार वाईट वाटलं. जिद्द वाढली. उद्या पहाटे पाचला उठणार.

६ नोव्हेंबर, सकाळी साडेदहा
उठलो. फोटो मोठे करून पाहिले. सगळे पूजेनंतरचे! काचेवर हळदकुंकू, चाळीसपासून ऐंशीपर्यंत झेंडूची माळ. मंजुषा म्हणते, दादा, माळ बाजूला करायची ना. धाकट्या बहिणींना सल्ले फार सुचतात. पूजेची माळ त्याच दिवशी काढतात का? आणि आता जीप सटाण्यात.

९ नोव्हेंबर
सायबर कॅफेत जाऊन गेम बनवणाऱ्यांच्या फोरमवर मीटर दाखवला. फिनलंडच्या एकाने कौतुक केलं: लाल वॉर्निंग लाइट फार खरा वाटतो. ते कुंकू आहे, हे सांगितलं नाही. काट्याचं मात्र सगळं पहिल्यापासून करा म्हणाला. त्याला काय जातंय! त्याच्याकडे दिवाळी नाही.

१२ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
काटा स्पीडला जोडला. आता हलतच नाही. दुरुस्त केला. डिझेलचाही थांबला. अण्णांना सांगितलं, पाडव्याला नक्की.

१३ नोव्हेंबर, पाडवा
अण्णांना खुर्चीत बसवलं. ॲक्सिलरेटरचं बटण मी दाबून धरलं. वाटलं, बोलण्यात वेळ मारून नेऊ. इंजिनाचा आवाज गेममधल्या ट्रकचाच होता, तरी अण्णा ताठ बसले. मग मॉनिटरला नाक लागेपर्यंत पुढे वाकले. बराच वेळ शोधत राहिले. त्यांना माळ दिसली नाही, कुंकू दिसलं नाही, मीटरच दिसला नाही. डॉक्टर खरं बोलत होते. मी महिनाभर काय करत होतो, कळेना.

काटा कितीवर हाय रे, अण्णांनी विचारलं.

काटा शून्यावर होता. चाळीस, मी सांगितलं.

बास, म्हणाले. हळू घे. मागं फुलं हायेत.

मी बटणावरचं बोट उचललं.