चार पदरी धोतर

कर्जत, ३ मार्च २०२५

चि. प्रज्ञास,
अ. उ. आ. आणि जयभीम.

अंगण झाडून झालं की मी बोअरच्या पाण्याची कळशी ओतायची आणि तुझ्या दादांनी आपलं जुनं धोतर चार पदरी करून हंड्यावर ताणून धरायचं, ही आम्हा नवरा-बायकोची रोजची सकाळ. मग ते तुरटी फिरवायचे. सात वेढे मोजायला घ्यायचे आणि मधेच बोलायला लागायचे, त्यामुळे सात एकदाही झाले नाहीत. आज तुझ्या प्रयोगाच्या पाण्याचा कॅन भरताना हे आठवलं. आता धोतराचं एक टोक मी दातांत धरते.

कॅन एसटीच्या पार्सलात दिला. शेजारच्या लंकाबाईनं विचारलं, की पुन्याचं पानी आटलं व्हय. मच्छिंद्र कंडक्टरला ते तीर्थ वाटतं, कॅनला पाय लागू देत नाही. मी त्याला सांगितलं, की लेक पाणी शुद्ध करायच्या पडद्यावर संशोधन करते, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. फोनवर तू नुसतं हो आई, हो आई करतेस, म्हणून हे पत्र.

वेळेवर जेवून लोभ वाढवावा.
तुझी आई

पुणे, ९ मार्च २०२५

ती. आईस,
सविनय जयभीम.

पत्र उभ्यानं वाचलं आणि प्रयोगाची वही काढून बसले. इतरांचे पडदे आठवड्यात तुंबतात आणि माझा चार महिने आपल्या बोअरचं गढूळ पाणी पिऊन तुंबला नाही, म्हणून सरांनी पेढे वाटले होते. प्रबंधाचं अख्खं प्रकरण त्यावर आहे, ते ३१ तारखेला परीक्षकांपुढे मांडायचंय. आज कळलं, गाळ सगळा दादांच्या धोतरानं धरला! परक्या घरी न गाळलेलं पाणी कसं पाठवायचं, हा विचार फक्त तुझ्याच मनात येऊ शकतो.

सरांना सांगितलं. ते हसत सुटले. म्हणाले, की प्रयोग दोन्ही प्रकारे पुन्हा करा, न गाळलेल्या पाण्यावर आणि त्याच कापडातून गाळलेल्या पाण्यावर, तरच प्रकरण टिकेल. तेव्हा एक कॅन बोअरमधून येईल तसा पाठव. तुरटीही नको. आणि त्या धोतराचा वीतभर तुकडा. नवं कापड चालणार नाही. मागायला जड जातंय.

लोभ आहे तेवढाच राहू दे, कमी नको.
तुझी प्रज्ञा

कर्जत, १४ मार्च २०२५

चि. प्रज्ञास,
अ. उ. आ. आणि जयभीम.

पाणी न गाळता पाठवलं. असलं पाणी लोकांकडे धाडायची लाज वाटली, म्हणून कॅन बाहेरून घासला. मच्छिंद्रनं काळजीनं विचारलं, की ह्या खेपेला तीर्थाला काय झालं.

धोतराचं मात्र जमणार नाही. सरांना सांग, बाईला विज्ञान कळतं. तू दिलेली दोन्ही पुस्तकं मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचली. पण दादांना जाऊन चार वर्षं झाली, त्यांचे बाकीचे कपडे देऊन टाकले. रोज हाताला लागणारं हे एकच आहे. माझं पातळ पाठवू का? तेही तितकंच विरलंय.

राग आला तर दोन दिवसांत जावा आणि लोभ राहावा.
तुझी आई

ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी मी धोतर कापलं. काठाचं नाही, मधलं, जिथून पाणी जायचं ते. तुकडा सोबत आहे. भोकाला माझ्या पातळाचं ठिगळ लावलं आणि घरचं पाणी गाळलं.