टॉवेल कोणाच्या हाती

मी, सुबोध रवींद्र खांबेटे, वय वर्षे अडुसष्ट, मूळचा पुण्याचा, आता सिंगापूरचा नागरिक, निवृत्त अकाउंटंट, राहणार जुरोंग ईस्ट, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. बिघडले आहे ते हृदय, आणि त्याची शस्त्रक्रिया येत्या गुरुवारी ठरली आहे. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. उलट माझी मुलगी अनघा 'बाबा, आत्ता कशाला हे अभद्र' असे म्हणत दोनदा खोलीत डोकावून गेली.

इंग्रजी प्रत वकिलांकडे आहे. मालमत्तेपुरती ती खरी मानावी. बाकी सगळ्यापुरती ही.

१. माझ्या मालकीचा काँडोतला, म्हणजे इथल्या खासगी सोसायटीतला, फ्लॅट अनघाला मिळावा. त्यातील मागच्या खोलीत श्री. कोजी इवासे, जपानी नागरिक, व्यावसायिक किकबॉक्सर, हे २०११ पासून भाडेकरू म्हणून राहतात. 'भाडेकरू' हा शब्द वकिलांचा. माझी दिवंगत पत्नी मेधा त्याला 'आपला कोजी' म्हणायची, आणि लाडात आली की 'कोजागिरी'. त्याला हवी तोवर ती खोली त्याची राहील. अनघाची याला संमती आहे. मात्र मुठींना गुंडाळायच्या पट्ट्या त्याने बाथरूममध्ये वाळत घालू नयेत. तो वास मी पाच वर्षे सहन केला आहे, अनघाने करावा अशी माझी अपेक्षा नाही.

२. सीपीएफची, म्हणजे इथल्या भविष्यनिर्वाह निधीची, रक्कम मृत्युपत्रात येत नाही, तिचे नॉमिनेशन वेगळे केले आहे. बँकेतले जे असेल ते अनघाचे. यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही. जन्मभर दुसऱ्यांचे आकडे पाहिले, आता कंटाळा आला.

३. माझे धाकटे बंधू प्रबोध, राहणार पुणे, यांना कोजीच्या सर्व लढतींच्या डीव्हीडी द्याव्यात. 'घरात गुंड आणून ठेवलास' असे ते फोनवर म्हणाले होते आणि ते वाक्य मेधाने ऐकले होते. प्रबोध, सगळ्या लढती पाहा. प्रत्येक लढतीच्या शेवटी तो पडलेल्या माणसाजवळ गुडघे टेकून बसलेला दिसेल. तेवढे पाहिलेस की माझा राग संपला असे समज.

४. दोन्ही सायकली कोजीला. हमामात्सुच्या एका कामगाराचा हा मुलगा लहानपणी कराटे शिकला, सतराव्या वर्षी घर सोडून टोकियोला गेला, तिथे एका छोट्या संघटनेचा विजेतेपदाचा पट्टा जिंकला आणि वर्षभरात विजेतेपद गमावले, पट्टा तेवढा जवळ राहिला. मग इथे आला, ऑफिसातल्या लोकांना जिममध्ये लाथा मारायला शिकवू लागला आणि अधूनमधून लढू लागला. इथली पहिली लढत तो हरला तेव्हा दोन दिवस खोलीबाहेर आला नाही. मेधाने दार वाजवून त्याला पुलाउ उबीन बेटावर सायकल चालवायला नेले. कॉलेजनंतर तिने सायकलला हात लावला नव्हता. ती एका घराच्या कुंपणात शिरली, कोंबड्या उधळल्या, आणि हा इतका हसला की सुजलेला ओठ पुन्हा फुटला. परत येताना बोटीत त्याने तिला पट्ट्याची गोष्ट सांगितली. तो पट्टा मेधाच्या साड्यांच्या कपाटात, पैठणीखाली आहे. तो माझ्या मालमत्तेत धरू नये.

५. मेधाची लोखंडी कढई कोजीला. कारण सांगतो. लढतीच्या आदल्या दिवशी या लोकांचे वजन होते आणि ते ठरल्यापेक्षा जास्त भरून चालत नाही. त्यासाठी कोजी जवळजवळ उपाशी राहत असे. मेधाने विचारले, 'उपवास आहे का रे?' तो म्हणाला, 'येस आंटी, फास्टिंग.' त्यावर तिने जे कोणतीही मराठी बाई करील तेच केले. साजूक तूप, भरपूर दाण्याचे कूट घालून साबुदाण्याची खिचडी केली. उपवासाला चालते, असे तिने त्याला खात्रीने सांगितले. त्यानेही विश्वासाने दोनदा घेतली.

दुसऱ्या दिवशी काटा अर्धा किलो पुढे गेला. घाम काढणारा प्लास्टिकचा सूट घालून हा भर दुपारी काँडोचे जिने चढत-उतरत होता आणि मेधा खाली देवाचे नाव घेत उभी होती. वजन उतरले. जिममालक तिच्यावर भडकले, तेव्हा कोजी त्यांना म्हणाला, 'आंटी फूड नो प्रॉब्लेम. माय स्टमक प्रॉब्लेम.' तेव्हापासून वजन झाले की डब्यातून खिचडी, असा नियमच पडला. मेधा गेल्यावर, आता वजन नसले तरी, अधूनमधून ती मी करतो. गोळा होतो, तरी तो खातो.

६. बादली, बर्फाची पेटी आणि पट्ट्या कापायची कात्री जिमला परत करावी. मी पेशाने हिशेबनीस, रिंगच्या कोपऱ्यात कसा पोचलो असे अनेक जण विचारतात. एकदा त्यांचा माणूस आला नाही म्हणून मी बादली धरली, आणि पुढे कोजीने ती दुसऱ्या कोणाला धरू दिली नाही. 'अंकल नो शाउट,' एवढेच त्याचे कारण. त्या कोपऱ्यातले टॉवेल धरण्याचे कामही माझ्याकडे आले. आपल्या माणसाला आता आणखी मार बसू नये असे वाटले की तो रिंगमध्ये टाकायचा, म्हणजे लढत तिथेच थांबते. कोजीने पहिल्याच दिवशी बजावले होते, 'अंकल होल्ड. बट नो थ्रो.' मी बरे म्हटले. टॉवेल मेधाच्या माहेरचा, सोलापूरचा, पांढरा.

७. हे कलम टॉवेलविषयी आहे आणि ते नीट वाचावे.

२०१३ साली स्टेडियममधल्या लढतीत कोजीच्या कानशिलावर गुडघा बसला. तो पडला, उठला, पुन्हा पडला. खालूनच त्याने माझ्याकडे पाहून मान हलवली, टाकू नका. मी टाकला नाही. शेवटच्या फेरीत त्याने समोरच्याचा पाय लाथांनी निकामी केला आणि तो जिंकला. लोक नाचले, मीही नाचलो.

सकाळी तो टेबलाशी येऊन बसला. मेधाने चहा ठेवला. त्याने तिच्याकडे बराच वेळ पाहिले आणि फार नम्रपणे विचारले, 'सॉरी आंटी, व्हॉट इज युअर नेम?' दोन वर्षे तो तिच्या हातचे जेवत होता.

आठवड्याभरात सगळी नावे परत आली. मेधा स्वयंपाकघरात मला म्हणाली, 'अहो, पुढच्या वेळी टॉवेल माझ्याकडे द्या.'

पुढची वेळ तिला मिळाली नाही. कोजी नुसते शिकवत राहिला आणि २०१५ मध्ये मेधाला मेंदूचा झटका आला. यंत्रावर ठेवले. डॉक्टर बाहेर येऊन, पुढे काय, असे विचारू लागले. मी खुर्चीत बसून राहिलो. अनघा उठली आणि म्हणाली, 'पुरे. आईला आणखी त्रास नको.' अनघा, तेव्हापासून घाई झाली का असे तू स्वतःला विचारतेस, हे मला माहीत आहे. घाई झाली नाही. ते बरोबर होते, आणि तुझी आईही तेच म्हणाली असती. हे तोंडाने सांगायचे राहिले म्हणून इथे लिहितो.

आता कोजी छत्तीस वर्षांचा आहे आणि डिसेंबरात निरोपाची म्हणून एक लढत त्याने घेतली आहे. डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, मी दिलेली नाही. पण निरोप त्याचा आहे, त्याला अडवणार नाही. फक्त टॉवेलवर मेधाचा हक्क होता आणि तो वारसाने अनघाकडे जातो. मी त्या दिवशी जिवंत असलो तरीही टॉवेल तिच्याच हाती राहील. कधी टाकायचा हे तिने कोजीला विचारू नये.

हे मी कोजीला कळवले तेव्हा तो जेवत होता. चमचा खाली ठेवून म्हणाला, 'नो. नोबडी थ्रो.' टॉवेल आपल्या खोलीत नेऊन ठेवला आणि तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. रोज सकाळी माझ्या गोळ्या मात्र काढून ठेवत होता.

८. हे शेवटचे कलम मृत्युपत्रात बसत नाही असे वकील म्हणतात, कारण मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. म्हणून ते सहीआधी मोठ्याने वाचणार आहे.

गुरुवारी काही बिनसले आणि मलाही यंत्रावर ठेवावे लागले, तर अंतिम निर्णय डॉक्टर घेतील. पण ते बाहेर येऊन घरच्यांना विचारतातच. त्या वेळी उत्तर अनघाने देऊ नये. आईच्या वेळी दिले, मुलीने ते दोनदा का द्यावे? उत्तर कोजीने द्यावे. कोजी, तू कधी हार मानली नाहीस, म्हणूनच तुला सांगतो. माझा टॉवेल तुझ्याकडे आहे. नुसता धरून बसू नकोस. वेळ आली की टाक. तू मला मुलासारखा आहेस असे लिहिणार होतो, पण त्यातला 'सारखा' मी खोडत आहे.

सहीपूर्वीची नोंद: वरील कलम आज संध्याकाळी कोजीला इंग्रजीत वाचून दाखवले. दूध आटत होते, साक्षीदार येऊन बसले होते. मग त्याने विचारले, 'अंकल, हाउ आय नो व्हेन?' मी म्हटले, ज्यांचे तुझ्यावर प्रेम आहे त्यांनाही तेच कळत नाही, तरी त्यांना टॉवेल टाकावा लागतो. तो उठून आपल्या खोलीत गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात सोलापुरी टॉवेल होता, त्याने नीट चौकोनी घडी घातलेला. तो त्याने दोन्ही हातांनी, वाकून, अनघाच्या हातात दिला आणि म्हणाला, 'माय फाइट, यू थ्रो. अंकल फाइट, आय थ्रो.'

हे सर्व मी शुद्धीवर, माझ्या माणसांत बसून लिहिले आहे. खाली सही करतो.

सही
सुबोध रवींद्र खांबेटे

साक्षीदार (दोघांनाही या मृत्युपत्रातून काही मिळत नाही, मसाला दूध सोडून):
१. निशिकांत राजवाडे
२. सरोजिनी मुजुमदार

स्थळ: जुरोंग ईस्ट, सिंगापूर
दिनांक: १५ ऑक्टोबर २०१६, कोजागिरी पौर्णिमा